जनूकाकांचा धाकटा

मी काही दिवस गुप्त पोलीस होतो. हे वाक्य घरात उच्चारलं की माझी बायको शांती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात जाते, आणि मग आतून भांड्यांपेक्षा हसण्याचा आवाज मोठा येतो. तिचं चुकत नाही. बेताची उंची, पुढे आलेलं पोट आणि चालताना आपोआप पाठीमागे जाणारे हात, एवढा ऐवज बरोबर घेऊन माणूस गुप्त राहणार कुठे?

पेणकडच्या एका ठाण्यात आमचा दहशतवादविरोधी कक्ष होता. कक्ष म्हणजे मी, अर्थात पुंडलिक हवालदार, आणि एक लोखंडी कपाट. कपाटाचं दार नीट लागत नसे, त्यामुळे त्याला टेकून बसणं हेही माझ्याच कामात धरलेलं होतं. अधूनमधून लॉजवाल्यांना आणि घरमालकांना सांगत फिरायचं, की बाबांनो, अनोळखी माणसाला खोली देताना नीट चौकशी करा. एवढ्यावर माझ्या हद्दीत दहशतवाद आटोक्यात होता.

मग मुंबईहून पथक आलं. पथकाच्या साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. रोह्याजवळच्या एका गावातला ऋत्विक नावाचा पोरगा, वय एकवीस, आयटीआय झालेला, धाटावच्या एका कंपनीत कंत्राटी फिटर. तो मोबाईलवरच्या एका टोळीच्या नादी लागला होता. टोळीच्या म्होरक्याला सगळे 'दादा' म्हणत. धर्म बुडाला, देश बुडाला, तुम्ही झोपलात, असं सांगून हा दादा पोरांना पेटवायचा, आणि आता कुठल्याशा कार्यक्रमाच्या मंडपात स्फोट घडवायचा बेत चालला होता. दादाला कोणी पाहिलेलं नव्हतं. पोरावर नजर ठेवली तर दादा सापडेल, असा साहेबांचा हिशेब होता.

"पोराला अजून हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "बॅग हातात घेतली की तो आरोपी. तोवर तो नुसता मूर्ख."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. तेव्हा ते दुसऱ्याच्या पोराबद्दल होतं.

साहेबांना स्थानिक माणूस हवा होता. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "हा पोलीस वाटत नाही, नाही का?" अख्खं ठाणं एका सुरात म्हणालं, "अजिबात नाही." इतक्या वर्षांच्या नोकरीचं चीज झालं.

गावाचं नाव मी सांगत नाही. खात्याची शिस्त आहे. सगळ्या रोहा तालुक्याला माहीत असलेलं हे गुपित आता मी एकटाच पाळतो.

सोंग असं ठरलं, की मी धाटावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर लागलोय आणि मला खोली हवी आहे. ऋत्विकच्याच घराच्या पडवीला लागून एक खोली भाड्याने द्यायची होती. नाव मी खरंच ठेवलं, कारण खोट्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळणार नाही याची मला खात्री होती. गाव मात्र खोटं सांगायचं होतं. कुठलं सांगावं ते ठरत नव्हतं. एसटी गडबला थांबली, खिडकीतून मी वडापाव घेतला, आणि पहिल्या घासाला ठरवलं की आपण गडबचे. गडबशी माझा संबंध तेवढाच, आणि तोही तिखट.

दारात हौसाताई उभी होती. ऋत्विकची आई. काळीसावळी, काटक, नऊवारीचा काचा मारलेला, हातात विळा. नवरा वारून बरीच वर्षं झालेली. भाताचा तुकडा एकटी करायची, भात निघालं की त्याच रानात वाल टाकायची, आणि थंडीत वालाच्या शेंगांचा ढीग घेऊन कोलाडच्या नाक्यावर हायवेला बसायची. मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायला निघालेल्या मुंबईकरांना शेंगा विकताना तिचा आवाज ट्रकच्या हॉर्नवर चढायचा.

"गाव कंचं?" तिने विचारलं.

"गडब."

बाईचा चेहरा एकदम फुलला. "गडब? आरं, माझं म्हायेर गडब!"

पथकाने पोराची सगळी कुंडली काढली होती. त्याचे मित्र, त्याचा पगार, त्याचं बँकेचं खातं. पण त्याच्या आईचं माहेर कोणतं, हे विचारायचं आम्हा एवढ्या पुरुषांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. बाईला माहेर असतं हे आम्ही तपासात धरतच नाही.

"गडबात कोनाचं?"

"पाटलांचा." रायगडात कुठेही दगड भिरकावला तर तो पाटलाच्या कौलावर पडतो, या हिशेबाने मी म्हणालो.

"देवलाजवलचे का तल्याजवलचे?"

"देवळाजवळचे."

"म्हंजे जनूकाकांचा तू? मुंबईला मामाकडं ठेवलेला धाकटा?"

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"काका लंगडायचे ना रं एका पायानं?"

"उजव्या," मी म्हणालो, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

"म्हंजे तू भाऊच की माझा! आत ये, असा उभा काय ऱ्हायलास परक्यासारखा?"

माझी बनावट ओळख ही अशी तयार झाली. खात्याला जे जमलं नसतं ते तिने उंबऱ्यावर, विळा हातात धरून करून दिलं. आणि मी सुटलो असं समजून पायऱ्या चढलो.

नंतर कळलं की हा तिचा स्वभावच होता. नातं लावल्याशिवाय ती माणसाला आत घ्यायची नाही. पोस्टमन तिचा जावई होता, एसटीचा कंडक्टर दीर, मीटर वाचायला येणारा भाचा. ज्याच्याशी नातं नाही त्याला चहा कुठल्या तोंडाने द्यायचा, असा तिचा सरळ प्रश्न. एकदा शेजारची अनिता तिला म्हणाली, "गो हौसा, त्या मीटरवाल्याला भाचा म्हनतेस आन बिल आलं की शिव्या देतेस." हौसाताई म्हणाली, "मंग? भाच्यालाच देतात शिव्या. परक्याला कशाला देऊ?"

मी भाऊ झालो आणि माझे हाल सुरू झाले. सर्वपित्री अमावास्या आली. हौसाताईने खीर, वडे, भोपळ्याची भाजी असं पान वाढलं आणि माझ्या हातात दिलं. "जनूकाकांच्या नावानं ठेव. तुझ्या हातचं त्यांना पोचंल." माझे खरे वडील तेव्हा पेणला धडधाकट होते, अजूनही आहेत, सकाळी उठून माझ्या पैशांची जिलेबी खातात. ते जिवंत असताना मी रोह्याच्या कौलांवर एका परक्या लंगड्या म्हाताऱ्याला पान ठेवत होतो. कावळा लगेच शिवला. हौसाताईने डोळ्यांना पदर लावला, खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. मलाही भरून आलं, आणि मी दोन आठवणी रचून सांगितल्या. काका मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे, वगैरे. लंगडा माणूस खांद्यावर पोर घेऊन जत्रेला कसा जाईल, हे मला नंतर अंथरुणात सुचलं.

पोरगा मात्र माझ्याशी फारसा बोलत नसे. दिसायला देखणा, अंगाने सडसडीत. गावच्या टीमचा ओपनिंग बॉलर होता म्हणे, पण आता मैदानावर जात नव्हता. हसत नव्हता. कोंबडी सोडली होती, मित्र सोडले होते. बोलायला लागला तर मोबाईलमधली छापील भाषा बोलायचा. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आई, आपला समाज निद्रिस्त आहे."

"तर मंग तू तरी सकालचा उठ ना लवकर," हौसाताई म्हणाली. "म्हशीचं कोन बघनार?"

मी हसलो. तो नाही हसला. मला वाईट वाटलं. या वयाच्या पोराला आईच्या विनोदाचा राग यावा, पण तो कानापर्यंत तरी पोचावा. याच्या कानात आधीच कोणीतरी बसलेलं होतं.

तर असं एका पडवीत आम्ही दोन गुप्त माणसं. तो माझ्यापासून लपून दादाशी बोलायचा, मी त्याच्यापासून लपून साहेबांशी. दोघेही बोलायला गोठ्यामागेच जायचो, कारण मोबाईलला रेंज तिथेच मिळे. एकदा दोघे एकदमच पोचलो.

"बायकोचा फोन," मी म्हणालो.

"मित्राचा," तो म्हणाला.

मग एकमेकांचा मान राखत दोघेही म्हशीकडे बघत उभे राहिलो. म्हैस आमच्याकडे बघत होती. त्या घरात बुद्धीने ती तिसरी नव्हती, हे नक्की.

माझ्या खबरीही तशाच होत्या. आज त्याने वालाचं बिरडं नाकारलं. आज तो आईवर ओरडला. आज कोणी आलं नाही. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "हवालदार, तुम्ही तिथे जेवायला गेलात की काय?" खरं सांगायचं तर हो. बिरड्याला हौसाताईच्या हाताला जी चव होती ती मी आयुष्यात चाखली नव्हती. मला सख्खी बहीण नाही. भाऊबीजेला पोलीस लाइनीतली सगळी घरं उजळलेली असायची, तेव्हा मी ड्यूटी मागून घ्यायचो आणि दुसऱ्यावर उपकार केल्यासारखं दाखवायचो. त्या घरात मला कोणीतरी 'जेवलास का रं?' असं विचारत होतं. मी पोराची पाळत विसरलो नव्हतो, पण ती विसरावीशी वाटायला लागली होती.

भाऊबीजेच्या सकाळी साहेबांचा फोन आला. उद्या कोलाडला बॅग येणार. पोरगा ती घेणार. "त्याला घेऊ द्या. बॅग त्याच्या हातात पडली की आमची माणसं झडप घालतील. तुम्ही मधे यायचं नाही."

मी फोन ठेवला आणि म्हशीकडे बघितलं. पडवीत आलो तर ऋत्विक अंघोळ करून, कपाळाला गंध लावून उभा. तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मग मैदानाकडे निघून गेला.

हौसाताईने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. टोपी म्हणून माझ्या डोक्यावर रुमाल ठेवला, कुंकू लावलं, तबकातलं निरांजन ओवाळलं. मी रोह्याच्या बाजारातून हिरवी साडी आणली होती, ती तबकात ठेवली. तिने साडी उचलून बाजूला ठेवली.

"ती ऱ्हाऊ दे. मी दुसरी ओवालनी मागते."

"माग ना, ताई."

"माझा पोरगा आज माझ्या पाया पडला. कधी पडत नाय. दसऱ्याला ढकलावा लागतो." तिचा आवाज अगदी हळू झाला. "तो कुठंतरी चाललाय. आन तुला ठावं हाय कुठं."

मी उसनं हसलो. "मला कसं ठाऊक असणार, ताई? मी आपला साधा स्टोअरकीपर."

"गडबात जनूकाका कोन नाय," हौसाताई म्हणाली.

निरांजन तिच्या हातात तसंच होतं.

"कधीच नव्हता. मीच बनिवला, दारात. तू व्हय म्हनलास. लंगडा केला, तू उजवा पाय सांगितलास. कावल्यानं पान खाल्लं तवा मला हसू आवरंना."

मला आठवले ते हलणारे खांदे. नोकरीत मी किती जणांची उलटतपासणी घेतली असेल, पण असा सापळा ना कधी लावला, ना कधी पाहिला. कान तापले. पाटावरून उठावं तर डोक्यावर रुमाल, कपाळावर कुंकू. या अवस्थेत माणूस ताठपणे कुठे जाणार?

"मग मला ठेवलंस कशाला?" मी विचारलं.

"आधी भ्या वाटलं. म्हटलं, त्या फोनवाल्याचाच मानूस असंल, माझ्या पोरावर बसिवलेला. मंग तुझं पोट बघितलं. म्हटलं नाय, हा सरकारी." तिने निरांजन तबकात ठेवलं. "मी ठान्यात दोनदा गेले होते रोह्याच्या. दारातनं परत फिरले. आईनंच पोराला धरून दिला म्हनतील. आन पोलीस आपल्या पायानं चालत आला. म्हटलं, आता याला जाऊ द्यायचा नाय. भाऊ करून ठेवायचा."

"ताई, मला यात काही करता येणार नाही. त्याला सोडायचं माझ्या हातात नाही."

"सोड कोन म्हनतंय?" ती एकदम कडाडली. "धर! हात बांध, मार, न्यायचा तिकडं ने. पन करायच्या आधी धर. करून झाल्यावर धरलास तर मंग काय उपेग? मानसं मेल्यावर? आधी धर रं. हीच ओवालनी."

साहेबांचं वाक्य माझ्या डोक्यात घुमायला लागलं. बॅग हातात घेतली की आरोपी, तोवर नुसता मूर्ख. तो मूर्ख आता मैदानाच्या कडेला बसला असेल, आणि उद्या दुपारी आमचीच माणसं तो आरोपी व्हायची वाट बघत उभी राहणार होती.

मी गोठ्यामागे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाला फोनवर उलट बोललो. म्हणालो, पोराला मी आज घेऊन येतो, तो स्वतः सगळं सांगेल. साहेब भडकले. "आणि नाही सांगितलं तर? एका पोरासाठी मी दादा घालवू? तिकडे माणसं मरतील, हवालदार." त्यांचंही खरं होतं. मी म्हणालो, "साहेब, तो आज सगळ्यांच्या पाया पडत फिरतोय. त्याला कोणीतरी थांबवावं असं वाटतंय." मग ते म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." ही जबाबदारी नावाची वस्तू तोपर्यंत मी फक्त कपाटात पाहिली होती.

मैदानाकडे जाताना मी भाषण जुळवलं. संविधान, कायदा, आईचे कष्ट, सगळं त्यात होतं. ऋत्विक पिचच्या कडेला एकटा बसला होता. मी समोर गेलो, तोंड उघडलं, आणि भाषणातला एक शब्द आठवेना. मग मी त्याच्या कानाखाली एक लगावली. नियमात हे बसत नाही. ती पोलिसाची नव्हती, मामाची होती. आमच्याकडे मामाला तो अधिकार असतो, आणि मी खोटा का होईना, एवढे दिवस बिरडं खाल्लेला मामा होतो.

"बॅगेत काय आहे रे?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "विचारायचं नाही असं दादांनी सांगितलंय," तो म्हणाला, आणि एवढं बोलून तो लहान पोरासारखा रडायला लागला. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं. "मामा, तुम्ही पोलीस आहात?"

"मामाच आहे," मी म्हणालो. "पोलिसात नोकरीला आहे."

अनिताकडची मोटारसायकल मी मागून घेतली आणि तो मागे बसला. हौसाताई दारात उभी होती. रडली नाही. पोराच्या हातात फराळाचा डबा दिला आणि मला म्हणाली, "सावकाश चालव." पेणला पोचल्यावर तो बोलायला लागला आणि थांबेना.

दुसऱ्या दिवशी कोलाडला एका खानावळीच्या मागे बॅगेसकट दोघे सापडले, आणि त्यांच्यावरून दादा. हा दादा म्हणजे जळता डोळा, करारी जबडा असं काहीतरी असेल अशी माझी कल्पना. निघाला माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच पोट सुटलेला, बिनइस्त्रीच्या बर्म्युड्यातला माणूस. हौसाताईचा पोटाचा नियम तेवढा चुकला. मला शाबासकी मिळाली आणि हुकूम मोडल्याबद्दल मेमोही मिळाला. मी कपाटाकडे परत आलो.

ऋत्विकने बॅगेला हात लावलेला नव्हता, म्हणून त्याला साक्षीदार केलं. गावात काही जणांनी हौसाताईशी बोलणं टाकलं. पोराला पोलिसाच्या हवाली केलं म्हणाले. ती म्हणायची, "व्हय, माझ्या भावानं नेला. परक्याच्या हाती नाय दिला." पुढच्या भाऊबीजेला मी गेलो नाही. खटला उभा राहत होता. साक्षीदाराच्या घरी पोलिसाने जाऊ नये, असं मला बजावलं होतं. त्या दिवशी मी ड्यूटी मागून घेतली.

मग त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, कोर्टात माझी साक्ष निघाली. हौसाताई मागच्या बाकावर बसली होती. अंगावर हिरवी साडी होती. मी ओळखली. दादाचा वकील हसतमुख माणूस होता. पोराची साक्ष पढवलेली आहे, असं त्याला दाखवायचं होतं.

"तुम्ही साक्षीदाराच्या आईचे भाऊ आहात, असं सगळं गाव सांगतं. खरं की खोटं?"

मी शपथ घेतलेली होती. हो म्हटलं तर पोराची साक्ष घरचीच ठरणार होती.

"खोटं," मी म्हणालो.

"काहीच नातं नाही?"

"काही नाही."

"पण भाऊबीज ओवाळून घेतलीत?"

"घेतली."

"कशासाठी?"

मी समोरच्या भिंतीकडे बघितलं. "तपासाचा भाग म्हणून," मी म्हणालो, आणि टाइप करणाऱ्या बाईने ते टाइप केलं.

माझं सगळं आयुष्य थापा मारण्यात गेलं. त्या दिवशी शपथेवर शब्दन् शब्द खरं बोललो आणि एवढी लाज मला कुठल्याच थापेची वाटली नव्हती. बाहेर आलो तर ती पायरीवर बसली होती. मी नजर चुकवून निघालो.

"पुंडलिका," तिने हाक मारली. मी थांबलो. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जवळ आली. "वकिलानं जनूकाकांचं नाय इचारलं ते बरं झालं. शपथेवर कावल्याचं बी सांगावं लागलं असतं."

मला हसू आलं नाही. "ताई, मी आत जे बोललो..."

"ते बरोबर बोललास. पोर वाचला." तिने साडीचा पदर नीट केला आणि माझ्याकडे बघितलं. "आठ दिसांनी भाऊबीज हाय. तुझा तपास संपला ना आता?"

"संपला."

"मंग यंदा नुसता ये."